थारोळ्यावरची सावली

ज्या दिवशी आमची विहीर कोर्टातून दुसऱ्याच्या नावे झाली, त्या दिवशी मी फुलबाजारात उलट्या क्रेटवर बसून निवांत चहा पीत होते. आम्हाला कोणी कळवलं नाही, कोणी विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवसांनी नवऱ्याचा, ललितचा, फोन आला. "भाग्यश्री, लवकर ये. रंगनाथकाकांच्या लॉन्सला पत्रे ठोकायला लागलेत. विहिरीसकट."

मी स्कूटी काढली आणि मखमलाबादच्या पुढे आमच्या मळ्यापर्यंत कशी आले ते मला आजही सांगता येणार नाही. वाटेत एका टेम्पोवाल्याशी भांडले एवढं आठवतं.

विहीर आमची आणि रंगनाथकाकांची सामाईक. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे चुलतभाऊ, त्यांना दादा म्हणणारे. आमच्या आजेसासऱ्यांनी आणि त्यांच्या भावानं वाटणी केली ती तोंडी. विहीर काकांच्या तुकड्यात गेली, पाणी दोघांचं राहिलं. शनिवार ते बुधवार आमची पाळी, बुधवार ते शनिवार त्यांची. आमची जमीन जास्त, म्हणून आमचा दिवस जास्त. मोटर एक, दोघांनी मिळून घेतलेली, आणि तिच्यापासून दोन पाइप, एक इकडे, एक तिकडे. पाळी बदलायची वेळ घड्याळावर नाही. विहिरीवर मोटेच्या काळातलं दगडी टाकं आहे, त्याला थारोळं म्हणतात. दुपार कलली की उंबराची सावली त्या थारोळ्याला लागते. सावली लागली की पाळी बदलली. लग्न होऊन आले तेव्हा मला हे ऐकून हसू आवरेना. माझे वडील अंबडला कंपनीत होते, भोंग्यावर जेवणारा माणूस. मी म्हटलं, ढग आले तर काय करता? सासरे म्हणाले, "मग अंदाज करायचा. दोघांनी मिळून."

सासऱ्यांचं नाव सावळीराम, सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. फरक एवढाच, की भिंत मधूनच "चहा ठेव" म्हणत नाही.

काकांनी शेती सोडून त्या तुकड्यावर लग्नाचं लॉन्स काढलं होतं. जमीन बिगरशेती करून घेतली, फायनान्स कंपनीकडे गहाण टाकली, हिरवळ लावली, कारंजं लावलं. दोन हंगाम बरे गेले. मग दिंडोरी रोडला याहून मोठी लॉन्स झाली, एसी हॉलवाली, आणि काकांच्या कारंज्यात बेडूक राहायला आले. हप्ते थकले. कंपनीनं दावा लावला, त्यात राहतं घरही धरलं. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं.

गेटवर कंपनीचा माणूस उभा होता. अमित नाव, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्यानं मोबाइलवर कागद दाखवला. काकांनी आणि कंपनीनं कोर्टात तडजोड केली होती आणि कोर्टानं तिच्यावर हुकूमनामा दिला होता. लॉन्सची जागा, त्यातली विहीर, मोटर, सगळं कंपनीला. बदल्यात कंपनी काकांच्या घरावरचा दावा सोडणार. आणि एक ओळ अशी, की या जागेत किंवा विहिरीत अन्य कोणाचाही हक्क किंवा हिस्सा नाही.

"यात तुमचं नाव कुठे आहे, मॅडम?" अमित म्हणाला.

"नाही. म्हणूनच तर विचारतेय. आमची विहीर आणि आमचंच नाव कसं नाही?"

"सहमतीचा निकाल आहे. दोन्ही पार्टी खूश आहेत."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कोण खूश नसतो? मी त्याला हे मोठ्यांदा सांगितलं, आणि आणखीही बरंच सांगितलं, ते लिहिण्यासारखं नाही. ललितनं मला दंडाला धरून मागे ओढलं. नानांनी पत्र्याच्या फटीतून आत डोकावून थारोळं पाहिलं. सावली लागायला अवकाश होता. ते घरी निघून गेले.

मला तेव्हा सगळ्यात जास्त राग कंपनीचा आला नाही, काकांचा आला. माझ्या लग्नात गावजेवणाची सगळी उठबस करणारा माणूस. माझ्या मुलीच्या बारशाला त्यानं स्वतःच्या हातानं लॉन्सवर मांडव घातला होता. अशा माणसानं सरळ लिहून द्यावं, की दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही? मी त्या रात्री जेवले नाही आणि सकाळी उठून दुप्पट जेवले. राग आला की मला असंच होतं.

शेतात गुढीपाडव्याचा झेंडू उभा होता. कळी धरली होती. पाडव्याला दारोदार तोरण लागतं, वर्षात आमचे दोन सण, दसरा आणि पाडवा, बाकी नुसती धावपळ. बोअर गेल्याच वर्षी आटलं होतं. विहीर गेली तर झेंडू जाणार होता, आणि झेंडू गेला तरी एक वेळ चाललं असतं, पण त्यानंतर त्या मळ्यात लावायचं काय, हा प्रश्न होता. पाण्याशिवाय जमीन म्हणजे प्लॉट. आणि प्लॉट झाला की अमितसारखे शर्ट उभे राहायला वेळ लागत नाही.

आम्ही वकील गाठला. मोहिनी देवरे, नाशिकला सीबीएस स्टँडजवळ ऑफिस, माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी, बोलायला चटचटीत. मला ती पहिल्याच भेटीत आवडली, कारण तिनं "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" हे वाक्य ऐकवलं नाही. तोवर ते मला सगळ्या नात्यागोत्यानं ऐकवून झालं होतं.

"कंपनी म्हणणार, तडजोडीच्या निकालाला आव्हान देता येत नाही," ती म्हणाली. "आपण म्हणणार, तडजोड केली त्यांच्यापुरती. पंगतीला न बोलावलेल्याच्या ताटातलं दुसऱ्यांनी आपसात वाटून घ्यायचं नसतं. त्याच कोर्टात आपण हरकत घालू. पण हिस्सा होता हे दाखवावं लागेल. कागद?"

कागद कुठला? जागा बिगरशेती झाली तेव्हा नव्या उताऱ्यावर विहिरीची नोंदच आली नव्हती. आमच्या घरात कोणी बघितलंही नव्हतं. विहीर समोर दिसत असताना उतारा कोण बघतो?

"लोक सांगतील," ललित म्हणाला.

"लोक आधी सांगतात, मग कोर्टाच्या दारात गप्प होतात," मोहिनी म्हणाली. "बघू."

मग ते दिवस सुरू झाले. मी सकाळी बाजारात, दुपारी वकिलाकडे, संध्याकाळी टँकरच्या मागे. टँकरवाला म्हणायचा पाच मिनिटांत येतो, आणि दुसऱ्या दिवशी यायचा. बसले की पाय हलायचे, उभी राहिले की बसावंसं वाटायचं. सासूबाई, सरुबाई, मला म्हणाल्या, "अगं जरा टेक की कुठंतरी. तुला बघून मलाच घेरी येती." झेंडूची पानं दुपारी मान टाकायची, रात्रीतून थोडी सावरायची. मग सावरेनाशी झाली.

गंमत म्हणजे नाना आमच्या पाळीच्या दिवशी गेटवर जायचेच. शनिवारी सावली लागायच्या वेळेला टोपी घालून निघायचे. गेट बंद. ते उभे राहायचे, "पाळी आमची सुरू झाली" असं पहारेकऱ्याला सांगायचे आणि परत यायचे. बुधवारी पुन्हा जायचे आणि सांगायचे, पाळी संपली. पहारेकरी लहानू, गावातलाच पोरगा, खाली मान घालून "बरं नाना" म्हणायचा. अमितनं हे दोन-तीनदा पाहिलं, आणि मग तो नेमका शनिवार ते बुधवार तिथे ठाण मांडू लागला. प्लास्टिकची खुर्ची, कानात इअरफोन. बुधवारी नाना पाळी संपल्याचं सांगून वळले की हाही खुर्ची उचलून नाशिकला. शनिवारपर्यंत फिरकायचा नाही. आम्ही जबरदस्तीनं आत घुसू ते पाळीच्याच दिवशी, एरवी नाही, एवढं त्याला आमच्याबद्दल बरोबर कळलं होतं.

एका गुरुवारी लहानूनं मला रस्त्यात गाठलं. "वहिनी, आज साहेब नाही. मी तासभर चहाला जातो. कुलूप नुसतं अडकवतो. काय करायचं ते करून घ्या."

मी धावतच घरी आले. "नाना, चला. आत्ताच्या आत्ता. तासभर मोटर चालली तरी झेंडू वाचेल."

नाना ओट्यावर विळ्याला धार लावत होते. "आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मंग?"

"मग काय? काकांना पाणी लागतंय कुठे? लॉन्स वाळून गेलंय त्यांचं!"

"त्याला लागो न लागो. पाळी त्याची हाय. पाळी नसताना बटण दाबायचं नाय. तहान लागली म्हून शेजाऱ्याच्या माठात न विचारता हात घालतो का आपण?"

"त्यांनी आपला माठच विकला, नाना!"

"त्यानं विकला ते त्याच्यापाशी. मी चोरी केली तर ती माझ्यापाशी." आणि ते पुन्हा विळा घासायला लागले.

मी ललितकडे पाहिलं. ललित जमिनीकडे पाहायला लागला. या घरातले पुरुष अडचणीच्या वेळी जमिनीकडे फार बघतात. मी सासूबाईंना म्हटलं, मी एकटी जाते. त्या दारात आडव्या आल्या. "असं कधी झालं नाय आपल्यात. आज तू दाबलंस तर उद्या कोणत्या तोंडानं पाळी सांगशील?" मी हातातली कळशी आपटली. तिला पोचा पडला, तो अजून आहे. तासाभरानं लहानू चहा पिऊन परत आला आणि झेंडूच्या दोन सऱ्या त्या आठवड्यात गेल्या. त्या वेळी मला नाना जगातले सगळ्यात हट्टी आणि सगळ्यात मूर्ख म्हातारे वाटले. हे मी स्पष्टच सांगते.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं बराच वेळ घेतला. तडजोड पवित्र असते, तिसऱ्या माणसानं उठून ती मोडली तर कोणीच तडजोड करणार नाही, वगैरे. काका त्यांच्या बाजूला बसले होते. कोर्टाच्या कागदावर त्यांनी पुन्हा तेच म्हटलं होतं: विहिरीत सावळीरामचा हिस्सा नाही, कधी पाणी दिलं असेल तर नात्यापोटी. नाना त्यांच्याकडे बघत होते आणि काका पंख्याकडे. मोहिनीनं आमची बाजू मांडली. कोर्टानं दोघांचं ऐकलं आणि म्हटलं, आधी जागेची पाहणी होऊ द्या. एक कमिशनर नेमला.

पाहणी शनिवारी सकाळी ठरली. सकाळची दुपार झाली. कमिशनर साहेबांना सिन्नरला दुसरी एक पाहणी होती, ती लांबली. मी गेटपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून गेटपर्यंत येरझाऱ्या घालत त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. शेवटी ते आले, घामाघूम, तरुण वकीलच होते. सगळे आत गेलो. कितीतरी दिवसांनी मी विहीर पाहिली. पाणी काठोकाठ आलं होतं, आणि पलीकडे आमचा झेंडू करपलेला. मला रडायला आलं ते रागानं आलं.

कमिशनरनी दोन्ही पाइप पाहिले. अमित म्हणाला, "हा दुसरा पाइप जुना आहे, बंद आहे. पाणी फक्त लॉन्सला जातं. रंगनाथराव, मोटर चालू करून दाखवा साहेबांना."

मोटरघर थारोळ्याला लागूनच आहे. काका पुढे झाले. दार उघडलं, स्टार्टरवर हात नेला. आणि हात तिथेच थांबला. त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं. उंबराची सावली थारोळ्याच्या काठावर चढली होती.

"काय झालं? लाइट आहे ना?" अमित म्हणाला.

"लाइट हाय," काका म्हणाले. "पण आता नाय चालवता यायची. दादाची पाळी लागली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. काकांनाही आपण काय बोललो ते तेव्हाच कळलं असावं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. अमित हसल्यासारखं करून म्हणाला, "अहो कसली पाळी? तुम्ही लिहून दिलंय की असं काही नाही म्हणून."

काकांनी अजून हात मागे घेतला नव्हता आणि बटणही दाबलं नव्हतं. एक शब्द बदलला असता तर काम झालं असतं. "विसरलो" म्हणायचं आणि दाबायचं, घर वाचलं. माझ्या डोक्यात हेच आलं, की आता दाबतील. ते बाजूला झाले.

"दादा, तू दाब," ते नानांना म्हणाले.

नाना पुढे गेले. टोपी नीट केली, कॉक आमच्या पाइपकडे फिरवला आणि बटण दाबलं. मोटर घरघरली, तो "बंद" असलेला दुसरा पाइप थरथरला आणि आमच्या बांधापलीकडे पाणी पडल्याचा आवाज आला. कमिशनर लिहीत होते. मोहिनी त्यांच्या कागदाकडे बघत उभी होती. नाना आणि काका शेजारी शेजारी उभे राहून मोटरचा आवाज ऐकत होते, दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पाडव्याआधी हुकूम आला. अंतिम निकाल लागेपर्यंत तडजोडीचा हुकूमनामा आमच्या पाण्याला लावू नये, पाळीप्रमाणे पाणी घेऊ द्यावं. झेंडू निम्मा गेला होता, उरलेल्यात आमच्या दाराचं तोरण झालं आणि थोडा बाजारात गेला. मी पेढे वाटले. काकांच्या घरावरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवला. माझा स्वभाव असा आहे, काय करणार.

मग मोहिनीचा फोन आला. कंपनीनं आता काकांवर उलटून अर्ज केला होता. म्हणणं असं, की यानं आम्हाला फसवलं, पाळी खरी आहे हे पाहणीपर्यंत आम्हाला ठाऊकच नव्हतं, म्हणून घरावरचा दावा सोडायची अट रद्द करा. "तुमचा संबंध नाही," मोहिनी म्हणाली, "कानावर असावं म्हणून सांगितलं."

ठाऊक नव्हतं? माझ्या डोळ्यांसमोर ती प्लास्टिकची खुर्ची आली. शनिवारी मांडलेली, बुधवारी उचललेली. पाळी ठाऊक नसलेला माणूस पाळीचे दिवस धरून पहारा करत होता होय? माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी गिळलं. म्हटलं, भोगू दे. ज्यानं आमच्या विहिरीवर घर वाचवलं त्याचं घर माझ्या शब्दानं का वाचावं? फोन ठेवला तरी चैन पडेना. चार वेळा भांडी घासली. नानांना सांगितलं नाही, ललितलाही नाही.

पुढच्या बुधवारी आम्ही लग्नसराईसाठी लावलेल्या नव्या रोपांना पाणी देत होतो. ललित बांधावर, मी मोटरघरापाशी. पाणी शेवटच्या सऱ्यांकडे सरकत होतं. लहानू उंबराखाली बसला होता, आता तो आमच्याशी उघड बोलायचा. ललित ओरडला, "दोनच राहिल्या गं! चालू दे थोडी!"

मी थारोळ्याकडे पाहिलं. सावली दगडाला टेकली होती.

लॉन्सवर गवताची काडी हिरवी नव्हती. त्या पाण्याची वाट बघणारं पलीकडे कोणी नव्हतं. कोणी भांडायला येणार नव्हतं, कोणी मोजणारही नव्हतं. आणि माझा हात आपोआप वर गेला आणि मी मोटर बंद केली.

"बंद का केली वहिनी?" लहानूनं विचारलं. "तिकडं हाय कोण आता पाणी घ्यायला?"

"पाळी काकांची लागली," मी म्हणाले.

बोलले आणि तिथेच उभी राहिले. त्या दिवशी स्टार्टरपाशी काकांचा हात का थांबला असेल, ते चुकून बोलले की जाणून, यावर मी पाहणीपासून स्वतःशी शंभरदा वाद घातला होता. आता त्या प्रश्नाला अर्थच उरला नाही. त्यांच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. आणि त्या एका गोष्टीसाठी म्हाताऱ्याचं घर जाणार होतं, आणि ते वाचवणारं वाक्य मी गिळून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी पदराला हात पुसले आणि मोहिनीला फोन लावला. "ताई, त्या अमितला पाळी पक्की ठाऊक होती. तो कोणते दिवस गेटवर बसायचा ते मी कोर्टात सांगते. लहानूपण सांगेल." लहानू दचकला, पण त्यानं मान हलवली. "काकांच्या बाजूनं माझं नाव घाला."

"काकांच्या बाजूनं?" मोहिनी म्हणाली. "परवापर्यंत तुम्ही त्यांचं नाव घेत नव्हता."

"अजूनही राग आहे," मी म्हटलं. "तो माझा मी बघून घेईन. नाव घाला."

बांधावरून ललित हातवारे करत विचारत होता, पाणी का थांबलं. मी त्याला सावलीकडे बोट दाखवलं. त्यानं खांद्यावर फावडं टाकलं आणि तो घराकडे चालू लागला. त्या दोन सऱ्या शनिवारपर्यंत कोरड्याच राहिल्या.